हप्ता आणि रक्तदाब



आज एक चूक सांगतो, माझीच. एका पेशंट ताईंचा रक्तदाब १५०/९६ च्या खाली येईना. मी गोळीचा डोस वाढवला. महिन्याने पुन्हा तेच. तेव्हा कुठे विचारलं, "ताई, गोळी रोज घेता ना?" थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एक दिवसाआड घेते. पाच हजारांचा हप्ता जातो ना."

लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.कॉम. त्या ऑनलाइन पूर्ण करत होत्या. चार सत्रांची फी ६०,००० रुपये, बारा 'बिनव्याजी' हप्त्यांत. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे आम्ही हिशोब मांडला. एकरकमी भरली असती तर ५४,००० पडले असते. गेलेली ६,००० ची सवलत म्हणजेच व्याज, आणि ते वर्षाला सुमारे २० टक्के होतं! शिवाय शिक्षण मध्येच सोडलं तरी हप्ते सुटत नाहीत. कर्ज देणाऱ्या कंपनीने संस्थेला पैसे आधीच दिलेले असतात.

तुम्हीही राहिलेली पदवी पूर्ण करणार असाल, तर आधी हे बघा:

• सत्रागणिक फी: वरच्या उदाहरणात सत्राला १५,०००, म्हणजे महिन्याला २,५०० बाजूला काढायचे. थांबावं लागलं तर पुढची फी वाचते.

• एकरकमी: अडीनडीचा पैसा शाबूत राहत असेल तरच.

• बँकेचं शैक्षणिक कर्ज: ऑनलाइन पदवीसाठी मिळतं का, हे आधी विचारा. जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

• ॲपवरचे हप्ते: 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा आणि त्यातला वार्षिक दर वाचा. सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परतही करता येतं.

• क्रेडिट कार्ड: पुढचं बिल पूर्ण भरता येणार असेल तरच.

अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे ना, आणि जुन्या वर्षांचे क्रेडिट धरले जातात का, हेही तपासा. फी त्यानेच कमी होऊ शकते.

ताईंचे हप्ते टळले नाहीत. पण जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी रोज सुरू झाली, वाढवलेला डोस मी परत कमी केला. आता रक्तदाब १३०/८४ आहे आणि शेवटचं सत्र चालू आहे.

पैशांची ओढाताण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गोळी मात्र मनाने कमी करू नका. आणि हो, मीही आता डोस वाढवण्याआधी विचारतो.