आठ पैंचा वाटा

उन्हाळ्याच्या सुटीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. माथेरान, महाबळेश्वर त्यासाठीच वसली. मुंबईचा घाम सोसेना म्हणून साहेबाने डोंगर शोधले आणि त्याच्यामागून शेठ मंडळी बंगले बांधत वर गेली. आमच्यासारखी कोकणातली मुंबईकर कुटुंबं मात्र ऐन मे महिन्यात मुंबईपेक्षा जास्त घाम येतो अशा ठिकाणी जात आली. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्या दिवसांत दुपारी पान हलत नाही, विहीर तळाला जाते, आणि रात्री ओटीवर झोपलं तरी उशी भिजते. हवापालटाचा विचार करून तिथे कोणीही घर बांधलं नसतं. पण घर आधीपासून होतं, सुटी नंतर आली. शाळा मेमध्ये बंद, म्हणून आम्ही मेमध्ये गावाला. घर भेटायला मोकळं होतं तेव्हा आम्ही मोकळे नव्हतो, आणि आम्ही मोकळे झालो की कोकण तापलेलं असायचं.

आजोबांच्या पिढीने ही वाट समुद्राने केली. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं, जयगड, रत्नागिरी करत खाली यायचं. बोट खोल पाण्यातच थांबायची, आणि ट्रंका, पोरं, नऊवारीचे ओचे सावरणाऱ्या बायका पडावात उतरायच्या. बाबांच्या पिढीने तीच वाट एसटीने केली, कशेडी घाटात लिंबू हुंगत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि रात्रभराच्या प्रवासात गाव गाठता यायला लागलं. प्रवास जसजसा सोपा झाला तसतसा मुक्काम कमी का होत गेला, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. बोटीने जाणारे दीड-दीड महिना राहायचे, आता गाडीने जाणारे जोडून आलेला शनिवार-रविवार बघतात.

घर आजोबांनी बांधलं, म्हणजे मुंबईहून बांधलं. ते परळच्या गिरणीत होते. राहायला लालबागचा एक गाळा, त्यात गावकीतली बरीच माणसं. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाची वळकटी सुटायची तेव्हा दुसऱ्याची गुंडाळायची. जेवण खाणावळीत. तिथून दर महिन्याला मनीऑर्डर निघायची आणि गावात जांभ्याचे चिरे रचले जायचे. मागच्या पिढीचं घर नळ्यांचं होतं, आजोबांनी मंगळुरी कौलं घातली. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मग तशाच आणखी कारखान्यांची कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या कौलांच्या पाठीवरही कारखान्याचं नाव उठवलेलं आहे. मुंबईत पाय लांब करून झोपायला न मिळणाऱ्या माणसाने गावात ओटी, पडवी, माजघर, माळा, दोन अंधाऱ्या खोल्या आणि प्रशस्त न्हाणी असलेलं घर उभं केलं आणि उमेदीची सगळी वर्षं त्यात फक्त सुट्या काढल्या. निवृत्त होऊन ते राहायला आले तेव्हा जिने चढायचे नव्हते याचाच त्यांना आनंद होता. घर कोणासाठी बांधलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘गावात घर नको?’ प्रश्न उलटवला की कोकणी माणसाचं उत्तर पूर्ण होतं.

या घराची सुटी सगळ्यांना सारखी नव्हती, हे मोठेपणी कळलं. आत्या माहेरपणाला यायच्या. त्यांना उठवायला कोणी जायचं नाही, सकाळचा मऊ भात त्यांच्यापुढे आयता यायचा. काकू आणि आई मात्र बेगमीला जुंपलेल्या. आई म्हणते, ‘सुटी कसली? इकडची शेगडी सोडून तिकडची चूल फुंकायला जायचे.’ मे महिना हा कोकणात पावसाळ्याच्या साठवणीचा महिना. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृगाचा पाऊस धरला की चार महिने काही वाळत नाही, म्हणून जे वाळवायचं ते त्याआधी. फणसपोळी, आंबापोळी, सांडगे, पापड, आणि या सगळ्यांत जास्त काम मागणारी सोलं.

रातांबे टोपल्यांनी घरात यायचे. फळ दोन बोटांत दाबून फोडायचं, साल एका सुपात, गराची बी दुसऱ्या पातेल्यात. बियांवर मीठ टाकलं की लालभडक रस सुटायचा. सालं दिवसभर उन्हात, संध्याकाळी ती त्या रसात बुडवून ठेवायची, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं पुटावर पूट चढत साल आधी तांबडी, मग जांभळी, शेवटी काळी पडायची आणि बोटाला चिकटायला लागायची. त्याआधी डबा भरला तर बुरशी. आभाळ भरून आलं की जेवणावरून उठून सगळ्यांनी अंगणात धावायचं. बिया वाळवून ठेवायच्या, कोकमतेलासाठी. आईची बोटं शाळा सुरू झाल्यावरही जांभळटच असायची. मुंबईत आमटीत पडणारं प्रत्येक आमसूल त्या अंगणातलं होतं, आणि आमटी चांगली झाली तर श्रेय मात्र गावच्या मातीला मिळायचं.

पुरुषांचं काम वर, छपरावर. मृगाच्या आत कौलं चाळायची. नानाकाका रीपांवर पाय ठेवून उकिडवे बसायचे, शिडीवर आमची रांग. काढलेलं प्रत्येक कौल आधी झाडून घ्यायचं, मग बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची. टणटणीत वाजलं तर परत वर, भद्द वाजलं तर त्यात चीर आहे, बाजूला ठेवायचं. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळायची, आणि मला वाटतं त्या वयात आम्हाला दिलेली ही सर्वांत मोठी जबाबदारी होती. दहा-बारा ओळी उघडल्या की खाली माजघरात एकदम ऊन पडायचं. वर्षभर कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात वावरणाऱ्या आजीला आपलं माजघर तेवढे एक-दोन दिवस लख्ख दिसायचं, आणि ती ताबडतोब कोळिष्टकं दाखवायला लागायची.

आजोबा गेले. सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली. चार मुलगे, दोन मुली, आजी आधीच गेलेली. सोळा आण्यांचे सहा भाग, प्रत्येकी दोन आणे आठ पै. रुपयातून आणे गेले त्याला किती काळ लोटला, पण कोकणातल्या जमिनीच्या कागदांत आणे-पै अजून सापडतात. बाबा गेल्यावर त्यांचे दोन आणे आठ पै आमच्यात आले. आई, दोन भाऊ आणि मी, प्रत्येकी आठ पै. म्हणजे त्या घराचा नि भोवतालच्या आगराचा चोवीसावा भाग कायद्याने माझा आहे. तो कुठला? ओटीची डावी बाजू? न्हाणीतला दगड? विहिरीचा रहाट दोन दिवस माझा आणि बाकीचे दिवस दुसऱ्यांचा? दाखवता येत नाही. दाखवता येत नाही म्हणूनच तो सगळ्या घरभर आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

हक्कसोडपत्राचा प्रसंग या घराण्यातही आला, जसा तो बहुतेक घरांत येतो. १९५६ च्या वारसा कायद्याने लेकींना वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि तरीही दोन्ही वेळा भावांनी कागद पुढे केला की बहिणींनी सही करायची हा रिवाज फारसा हलला नाही. माईआत्या कागद घेऊन ओटीवर बसली. चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाली, ‘सोडीन. पण काय सोडतेय ते तरी दाखवा. कुठली खोली?’ भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. ‘मला इथलं काही न्यायचं नाही रे. पण माझं नाव त्या कागदावर असू दे. मी आले की कोणाकडे पाहुणी आले असं वाटायला नको.’ कागद घडी घालून तिने पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत टाकला. त्याचं पुढे काय झालं ते वाळवीला ठाऊक. धाकटी आत्या अर्थातच मोठीच्या मागे गेली.

वाटणीचं बोलणं मात्र अधूनमधून निघत राहिलं. महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली सगळ्या सहहिस्सेदारांनी संमती दिली तर तहसीलदार वाटप करून देतो, नाहीतर दिवाणी कोर्ट. सगळ्यांची संमती ही आमच्याकडे कधी एका वेळी जमली नाही. एक काका विहीर कोणाच्या बाजूला जाणार यावरून रुसले, दुसरे त्या रुसण्यावरून. एक चुलत भाऊ आखातात, एक अमेरिकेत, आणि सह्या गोळा करण्याचा पुढाकार घेईल त्याच्यावरच संशय घ्यायचा ही आमची जुनी रीत. मग नाणारच्या रिफायनरीची आणि नंतर बारसूची चर्चा सुरू झाली तशी तालुक्यात पांढऱ्या गाड्यांतून जमिनी बघणारी माणसं फिरायला लागली. त्यातले काही आमच्या आगरातही उभे राहून गेले. सातबारा मागितला, त्यावरची नावांची रांग खालपर्यंत वाचली, आणि पुन्हा आले नाहीत.

लोक म्हणतात, घर टिकलं ते माणसांच्या प्रेमामुळे. मला हे पटत नाही. प्रेम होतंच, पण प्रेम असणारी कितीतरी घरं गावात विकली गेली. मुलीचं शिक्षण, आजारपण, १९८२ च्या संपानंतर हातात काहीच न उरलेला गिरणी कामगार: विकणाऱ्याकडे प्रत्येक वेळी खरं कारण होतं, आणि कारण नसतं तर त्यानेही ठेवलं असतं. आमचं घर टिकलं ते आळस, रुसवे आणि सरकारी कागद यांच्या जोरावर. विकायचा क्षण प्रत्येकावर एकदा येऊन गेला, माझ्या बाबांवरही, पण तो सगळ्यांवर एकाच वेळी आला नाही. एकाला गरज तेव्हा बाकीच्यांना नड नव्हती, आणि एकट्याला विकता येईल असा तुकडाच नव्हता. त्याची नड मग बाकीच्यांनी पैशाने भागवली, कुरकुरत का होईना. वाटणी झालेल्या घरात हे झालं असतं का, मला शंका आहे.

नानाकाका होते तोवर हे सगळं बोलायला सोपं होतं, कारण घर ते राखत होते. घरपट्टी, विजेचं बिल, माडावर चढणारा गडी, मोडलेला गडगा, सगळं त्यांच्याकडे. आम्ही मेमध्ये जाऊन ‘काय मस्त शांतता आहे’ म्हणायचो आणि पायलीभर सोलं घेऊन निघायचो. ते गेले, काकू मुलाकडे ठाण्याला आली, आणि घराला कुलूप लागलं. बंद घर किती लवकर खचतं हे कुलूप लावल्याशिवाय कळत नाही. रोज चूल पेटायची तेव्हा धूर वाशांतून फिरायचा आणि कीड लागू द्यायचा नाही. चूल विझली, दोन पावसांत वाशांवर मातीच्या रेघा चढल्या. सारवण बंद, जमीन पोपडे धरायला लागली. आता गणपतीला आणि मेमध्ये उघडतो तेव्हा पहिला अर्धा दिवस झाडू, फिनेल आणि विंचू यांच्यात जातो. मुलांना ते आवडतं. माझ्या मुलीला त्या घरातली सर्वांत प्रिय गोष्ट कोणती विचारलं तर ती विंचू सांगते, आजोबांचं नाव तिला नीटसं ठाऊक नाही. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. मी तिच्या वयाची होते तेव्हा मलाही पणजोबांपेक्षा विहिरीतलं कासव जास्त जवळचं होतं.

यंदाचा विषय छपराचा आहे. थोरल्या काकांच्या मुलाने रंगीत पत्र्यांचं कोटेशन ग्रुपवर टाकलंय. त्याचं म्हणणं, वानरं उड्या मारून कौलं फोडतात, चाळायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो, आणि पत्रा टाकला की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. यातलं एकही खोटं नाही. अमेरिकेतला भाऊ लगेच अंगठा उठवून मोकळा झाला. पत्र्याखाली मे महिन्यात माजघराची भट्टी होईल हे मी लिहिलं, तर उत्तर आलं, ‘एसी बसवू.’ माईआत्याला टाइप करता येत नाही, तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला: माझ्या हयातीत कौलं उतरायची नाहीत. तिचे दोन आणे आठ पै आणि माझे आठ, तीन आणे चार पै झाले. धाकटी आत्या धरली तर सहा. बहुमताला अजून दोन आण्यांच्या वर हवेत. धाकट्या काकांचं मत निर्णायक ठरेल असं दिसतंय, आणि कोटेशन आल्यापासून ते कोणाचाच फोन उचलत नाहीत.