पाच नंबरची ट्राम

कोलकात्याला जायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: दिवसभरासाठी गाडी ठरवा, या वयात आईला घेऊन बस-ट्रामच्या भानगडीत पडू नका. आईने तो मोडीत काढला. तिचं बालपण मुंबईत दादर टी.टी.ला गेलं. 31 मार्च 1964 च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. रस्त्यावर ही गर्दी लोटली होती आणि वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं होतं, ही आठवण तिने आम्हा भावंडांना कितीदा तरी सांगितली आहे. देशात आता एकाच शहरात ट्राम उरली आहे आणि त्या शहरात जाऊन आपण काचा लावलेल्या गाडीत बसायचं, हे तिला पटेना. मलाही पटलं नाही. ठरलं, कोलकात्याची माणसं फिरतात तसंच आपणही फिरायचं.

गीतांजली एक्सप्रेसने हावड्याला उतरलो ती भर दुपारची वेळ होती. स्टेशनाबाहेर पिवळ्या टॅक्सींची रांग दिसत होती. पण आम्ही सामान घेऊन खाली, मेट्रोकडे वळलो. हावडा मेट्रो स्टेशन तीस मीटरहून अधिक खोल आहे. सरकत्या जिन्यांचे टप्पे संपता संपत नाहीत. लिफ्ट आहे, म्हणून आईचे गुडघे वाचले. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात बोगद्याच्या भिंतींवर निळे दिवे दिसू लागले. त्याबरोबर डब्यातल्या पोरांनी मोबाइल बाहेर काढले. आपण हुगळीच्या पात्राखालून चाललो आहोत याची ती खूण. नदीखालचा हा बोगदा 520 मीटरचा आहे आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. 15 मार्च 2024 पासून लोक इथून ये-जा करू लागले. पूर्वी हावडा पुलावर ज्या अंतरासाठी अर्धा-अर्धा तास अडकून पडावं लागे, ते आता असं चुटकीसरशी संपतं. शेजारच्या बाईंनी आईला खिडकीकडे सरकायला जागा दिली आणि म्हणाल्या, "वर गंगा आहे, माशीमा." हुगळीला इथे सगळे गंगाच म्हणतात.

एस्प्लनेडला गाडी बदलली आणि जुन्या मार्गावर आलो. ही भारतातली पहिली मेट्रो. 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर एवढ्या साडेतीन किलोमीटरहूनही कमी अंतरावर ती सुरू झाली. भवानीपूर स्थानकाचं नाव आता नेताजी भवन आहे. त्याच्या पुढच्या जतीन दास पार्कला उतरून चालत हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात पोचलो. दोघींच्या तिकिटांना चहा-नाश्त्याइतकेसुद्धा पैसे पडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईला नदी वरून पाहायची होती. म्हणून पुन्हा हावड्याला गेलो आणि स्टेशनासमोरच्या धक्क्यावरून बागबाजारची लाँच पकडली. या लाँचवर पर्यटक फारसे नसतात. कामावर निघालेले लोक, फुलांचे भारे घेतलेले विक्रेते, शाळेची मुलं, सायकल घेऊन चढलेला एखादा दूधवाला, असा सगळा रोजचा संसार. लाँच सुटते आणि काही क्षणांत हावडा पूल डोक्यावर येतो. पुलाची खरी ताकद खालून कळते. 1943 च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि सगळे जोड रिव्हेटांचे. नट-बोल्ट कुठेही नाहीत. पात्रात खांब नाही, त्यामुळे खालून जाताना वर नुसतं पोलादाचं छत सरकत राहतं आणि त्यावरून पायी चाललेल्या माणसांची न तुटणारी ओळ दिसते. त्या पायी चालणाऱ्यांच्या पान-तंबाखूच्या पिंकांनी पुलाच्या खांबांचे पाय खाल्ले. शेवटी ते फायबरग्लासच्या आवरणाने झाकावे लागले. एवढ्या भव्य वास्तूची ही दशा ऐकून वाईट वाटतं.

पुलापाशी कोलकात्याच्या काठाला मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. झेंडूचे नारिंगी-पिवळे ढीग पाण्यातूनही दिसतात. मग जुन्या गोदामांच्या विटकरी भिंती, नीमतल्ल्याचं स्मशान, जिथे 1941 साली रवींद्रनाथांना अग्नी दिला गेला, आणि त्यापुढे कुमारटुली, जिथे दुर्गेच्या मूर्ती घडतात. काठाने चक्ररेल्वेची एक गाडी निवांत चालली होती. आई कठड्याला धरून उभी होती. बसायला जागा असूनही ती शेवटपर्यंत बसली नाही.

बागबाजारला उतरण्याला एक कारण होतं. घाटापासून थोडं आत 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आल्या, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या कोलकात्याने मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. नबाब अलिवर्दीखानाची त्याला परवानगी होती. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये खंदक बुजवून त्याचा सर्क्युलर रोड झाला. आज त्याच रस्त्याच्या दोन भागांना आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत.

गल्लीत पाहण्यासारखं काहीच नाही. जुनी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, एका ओट्यावर कॅरम खेळणारी मुलं. पण मी तिथे बराच वेळ रेंगाळले. शाळेत आपण अटकेपार आणि कटकपर्यंत असं अभिमानाने शिकतो. त्याच मोहिमांची आठवण बंगालने लुटलेली गावं आणि जाळलेली शेतं म्हणून जपली आहे. बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतील असं सांगून इथल्या आयांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना झोपवलं. या गल्लीत उभं राहून आपला इतिहास दुसऱ्या बाजूने ऐकणं प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी करावं, असं मला मनापासून वाटतं. कॅरम खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्रातून, असं म्हटल्यावर त्याने गल्लीच्या नावाच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि आईला बसायला स्टूल आणून दिलं.

तिथून श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात आलो. नेताजींच्या अश्वारूढ पुतळ्याचा तो चौक. जवळच ट्रामचा डेपो आहे आणि तिथून पाच नंबरची ट्राम एस्प्लनेडला जाते. डेपोजवळच चढलो ते बरं झालं, कारण मधल्या थांब्यांवर ट्राम पकडणं म्हाताऱ्या माणसांना अवघड आहे. रूळ रस्त्याच्या मधोमध, थांबा फुटपाथवर. हात दाखवला की ट्राम थांबते, पण तिच्या आणि फुटपाथच्या मधून धावणाऱ्या मोटारसायकली थांबत नाहीत. कंडक्टर दारातून वाकून हात आडवा धरतो आणि त्या हाताच्या आडोशाने माणसं चढतात. पायरीही उंच. आई चढताना कंडक्टरने तिचा दंड धरला, "आस्ते, माशीमा, आस्ते." ती आत जाऊन बसेपर्यंत त्याने घंटेची दोरी ओढली नाही.

आत लाकडी बाकं, डोक्यावर पंखे, उघड्या खिडक्या. कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात पातळ कागदी तिकिटांची चळत. दहाच्या नोटेतून सुटे परत आले. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवत होता, टण टण, टण टण. वरच्या एकाच तारेला टेकलेला दांडा चौकात वळताना ठिणग्या टाकी. हातीबागानचा बाजार, स्टार थिएटर, विधान सरणी, बेथ्यून कॉलेज, ठणठणिया काली, आणि मग कॉलेज स्ट्रीट. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या टपऱ्या इतक्या जवळ की, पुस्तकांच्या कण्यांवरची नावं खिडकीतून वाचता येतात. ट्रामचा वेग साधारण सायकलीचा, आणि शहर बघायला हाच वेग योग्य आहे. मोटारीतून कॉलेज स्ट्रीट म्हणजे एक गर्दीचा रस्ता. ट्राममधून तो प्रेसिडेन्सी आहे, संस्कृत कॉलेज आहे, गाइड विकणारा पोरगा आहे, आणि शाळेच्या यादीतलं एक पुस्तक मिळेना म्हणून वैतागलेले बाप-लेक आहेत.

आई बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्या ट्रामला वरती मजला होता गं. बाकी आवाज हाच."

कोलकात्यात घोड्यांची ट्राम 24 फेब्रुवारी 1873 रोजी सियालदा ते आर्मेनियन घाट अशी पहिल्यांदा धावली आणि 1902 साली विजेची आली. तिच्याशी इथल्या लोकांचं नातं किती गाढ, याचा पुरावा 1953 चा. इंग्रजी मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं आणि सारं शहर रस्त्यावर उतरलं. भाडेवाढ मागे घ्यावी लागली. आज मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की, एस्प्लनेड ते मैदान हा वारसा म्हणून ठेवायचा तुकडा सोडला तर ट्राम बंद होईल. ट्राममुळे वाहतूक तुंबते, हे कारण. नागरिकांनी निदर्शनं केली, आणि प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयापुढेही आहे.

आमची ट्रामही तुंबली होती. बहूबाजारच्या अलीकडे पुरी दहा मिनिटं. पण का? रुळांवर एक मोटार उभी करून तिचा मालक दुकानात गेला होता. ट्रामला बाजूने निघता येत नाही. चाळीस-पन्नास माणसं एका माणसाची वाट पाहत बसली. कंडक्टर खाली उतरून त्याला शोधून घेऊन आला. हे पाहिल्यावर वाहतूक कोण तुंबवतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. धूर न सोडणारं, दहा रुपयांच्या आत शहरभर नेणारं वाहन हातात असताना ते मोडून त्याचे रूळ डांबराखाली गाडणं ही मोठी चूक आहे. मुंबईने ती 1964 मध्ये केली.

बाकीच्या वाहनांबद्दल थोडक्यात. निळ्या-पिवळ्या खाजगी बसमध्ये कंडक्टर पत्र्यावर थाप मारून गाडी थांबवतो आणि सोडतो, बाई उतरत असली की "आस्ते, लेडीज!" अशी आरोळी देतो, आणि ड्रायव्हर ती ऐकतो. रिक्षा इथे ठरावीक मार्गावर चालतात, माणशी भाडं घेतात. सुटे मात्र जवळ हवेतच. अ‍ॅपवरच्या टॅक्सीने एकदा रात्री आम्हाला ताटकळत ठेवलं, ठिकाण ऐकून दोघांनी फेरी नाकारली. शेवटी एका म्हाताऱ्या सरदारजींच्या पिवळ्या अँबेसेडरने घरी आणलं. ही अँबेसेडर 2014 पासून बनतच नाही, त्यामुळे जुन्या गाड्या एकेक करून रस्त्यावरून जात आहेत. हातरिक्षा बहूबाजारात दिसल्या. आईने बसायला साफ नकार दिला. तिच्या वयाच्याच एका माणसाने तिला ओढून न्यावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. मी तिच्याशी सहमत आहे. पण त्या माणसाचं पोट त्या दिवशी कसं भरलं असेल, हा प्रश्न सुटलेला नाही. नुसती बंदी घालून तो सुटणारही नाही.

अडचणी आहेतच. फुटपाथ फेरीवाल्यांनी भरलेले, म्हणून चालायला रस्त्यावर उतरावं लागतं. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ मेट्रोत म्हाताऱ्या माणसाला घेऊन चढूच नये. उन्हाळ्यात तर या बेताचा विचारही करू नका; डिसेंबर-जानेवारी उत्तम. मात्र आईला उभं राहून प्रवास करावा लागला, असं एकदाही झालं नाही. कुणी ना कुणी उठलंच.

परतताना विमान होतं. 22 ऑगस्ट 2025 पासून नोआपाडा ते विमानतळ मेट्रो सुरू झाली आहे, तेव्हा तिथेही टॅक्सी लागली नाही. जतीन दास पार्कला चढलो, नोआपाड्याला गाडी बदलली आणि जय हिंद स्थानकाला उतरलो. हावड्याहून सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हपर्यंतचा मार्गही त्याच दिवशी सलग झाला. बहूबाजारला 2019 मध्ये बोगदा खणताना जमीन खचून घरं कोसळली होती, माणसं बेघर झाली होती. त्यामुळे तेवढा तुकडा अनेक वर्षं रखडला. आज त्यावरून झरकन जाताना हेही लक्षात असू द्यावं.

कोलकात्याला जाणार असाल तर दिवसाची गाडी ठरवू नका. हावड्याहून बागबाजारची लाँच घ्या, श्यामबाजारला चालत जा आणि ट्राम सुरू असेल तर पाच नंबरमध्ये तिकीट काढून एस्प्लनेडपर्यंत बसा. ट्राममध्ये माणसं बसत नाहीत, असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी तरी तिकीट काढाच.