रिकामें आभाळ

आपल्यापैकीं इंग्रजी शिकलेल्या माणसांच्या मनांत एक सोडून दोन शरद् ऋतु नांदत असतात. एक 'ऋतुसंहारां'तला : काशफुलांचा, हंसांचा, धुऊन काढलेल्या चांदण्याचा. दुसरा कीट्सनें १८१९ सालीं विंचेस्टरच्या शेतांतून फिरून आल्यावर लिहिलेल्या कवितेंतला : धुक्याचा, पिकलेल्या फळांचा आणि घराच्या वळचणीपर्यंत चढलेल्या, घडांनीं वांकलेल्या द्राक्षवेलींचा. अलीकडे या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे. फ्रान्स-इटलींतील द्राक्षमळ्यांचीं रंगीत छायाचित्रें आतां भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतून खिशांतल्या मोबाइलपर्यंत येऊन पोंचलीं आहेत. टेकडीच्या उतारावर सोनेरी-तांबूस पानांच्या ओळी, वर अर्धवट ढगाळलेलें आकाश आणि कडेला एखादें दगडी घर, असा त्या चित्रांचा थाट असतो. तीं पाहून आपल्याहि मुलुखांतल्या द्राक्षमळ्यांकडे कॅमेरा घेऊन जावें, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यांत मी बावड्याहून पायीं निघालों तो सोनेरी पानें मिळतील या आशेनें नव्हे. तीं येथें मिळत नाहींत, हें मला ठाऊक होतें. नीरेच्या खोऱ्यांतला शरद् स्वतःच्या वेलींवर कसा दिसतो, तें नीट पाहावें, एवढाच हेतु होता.

बावडा हें इंदापूर तालुक्यांतलें नीरेकडचें गांव. इंदापुराहून येणारा रस्ता येथून सराटीस जातो आणि नीरा ओलांडून अकलूजांत शिरतो. आषाढांत तुकोबांची पालखी याच वाटेनें पंढरीस जाते. नदीवर पादुकांना नीरास्नान घडतें. तेव्हां माणसांनीं फुललेली ही वाट शरदांत अगदीं निवांत असते. डोंगर असा नजरेंत भरत नाहीं. सपाट काळी जमीन, उसाचे फड, नुकती उगवून आलेली ज्वारी, बांधावर तुरीचीं पिवळीं फुलें. पूर्वेला नरसिंगपुरास नीरा भीमेला मिळते, आणि त्या दोन पाण्यांच्या बेचक्यांत हा सारा मुलूख वसला आहे.

परंतु हा हिरवेपणा फार जुना नव्हे. १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमीनमहसुलाची आपली प्रसिद्ध आकारणी प्रथम लागू केली ती याच इंदापूर तालुक्यांत. आधींच्या जबर साऱ्यानें आणि अवर्षणानें कुळें परागंदा झालीं होतीं व जमिनी ओस पडल्या होत्या, हें त्याचें कारण. पुढें १८७६-७७ चा दुष्काळ आला. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला; आणि १९८० मध्यें भीमेवरील उजनी धरण पुरें झालें. तेव्हां येथल्या प्रत्येक हिरव्या पानामागें कोणीतरी आणलेलें पाणी आहे. छायाचित्रांत तें दिसत नाहीं. पण तें ठाऊक नसेल तर चित्रांतलें बाकीचें कांहींच समजत नाहीं.

वाटेंत पहिली द्राक्षबाग लागली ती जवळजवळ उघडी होती. मांडवाच्या तारा, त्यांवर तपकिरी ओलांडे, आंखूड कापलेल्या काड्या. खालीं तोडलेल्या पानांचा व काड्यांचा खच. शेजारच्याच बागेंत मात्र डोळे फुगून कापसासारखे झाले होते, आणि तिच्यापलीकडच्या बागेंत हिरवीगार पालवी फुटून पानाआड मोहरीएवढ्या कळ्यांचे इवले घड लोंबत होते. तीन बागा, तीन वयें. आणि तिन्ही एकाच दिवशीं! पाऊस कोणाला गांठील आणि कोणाला चुकवील याचा नेम नसल्यानें छाटणीच्या तारखा कोणी पुढें तर कोणी मागें घेतो, त्याचा हा परिणाम.

थंड देशांत हिवाळा आला कीं वेल आपोआप पानें टाकून झोंपी जाते. ती झोंपेपूर्वींची तिची शोभा म्हणजेच त्या दिनदर्शिकांतला सोनेरी रंग. आपल्याकडे तसा हिवाळा नाहीं. येथें वेलीला आपण होऊन झोंप लागत नाहीं, म्हणून तिला कात्रीनें थांबवावें लागतें आणि कात्रीनेंच जागें करावें लागतें. एप्रिलमध्यें खरड छाटणी होते. तिच्यानंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढल्या हंगामाचे घड सूक्ष्मरूपानें तयार होतात. मग शरदांत गोडी छाटणी होते, डोळ्यांना औषधाचा लेप लावून ते एकदम फोडतात, आणि फळ हातीं येतें तें पुढल्या वर्षीं जानेवारी ते मार्चच्या सुमारास. युरोपांत ज्या महिन्यांत वेलीचा संसार आटोपत येतो, त्याच महिन्यांत आमच्या वेलीचें बारसें असतें.

सराटीस नदी ओलांडून दुसऱ्या दिवशीं माळशिरस तालुक्यांत मोटेवाडीच्या बाजूस गेलों. तेथें वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि इटलीचे सेक्की बंधु यांनीं मिळून तेथें 'फ्रातेल्ली' नांवाची वाइनरी उभारली. त्या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा आहे. येथल्या वेली मांडवावर नसून तारांच्या उभ्या कुंपणावर बांधलेल्या असतात, त्यामुळें चित्राला लागणाऱ्या सरळ रेषा आयत्या मिळतात. टस्कनींतली सांजोव्हेसे जातीची वेल येथें रुजली आहे. तिकडे त्या दिवशीं तिचें पान पिकत असेल. इकडे तिच्या टोंकाला तांबूस कोंवळा शेंडा फुटला होता. दोन्ही रंग तांबडेच. पण एक निरोपाचा आणि दुसरा आगमनाचा.

आणखी एक युरोपीय रंग या खोऱ्यांत घरचा होऊन बसला आहे. बागेच्या खांबांवर, पानांवर आणि कधीं माणसांच्या सदऱ्यांवरहि एक निळसर छटा दिसते. ती मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाची. बोर्दोच्या परिसरांत वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून बागाईतदार रस्त्याकडच्या वेलींवर असलें कांहीं शिंपडीत. त्या वेलींना केवडा रोग होत नाहीं असें मिलार्देच्या ध्यानांत आलें आणि १८८५ सालीं त्यानें तो उपाय जाहीर केला. चोरांसाठीं योजलेला तो निळा रंग आज मराठी शेतकरी 'बोर्डो' या नांवानें ओळखतो.

परतीच्या वाटेवर, सराटीच्या अलीकडे, ज्याची दोन दिवस मी वाट पाहात होतों तें घडलें. दोन्ही दिवस आकाश कोरें होतें, आणि कोरें आकाश छायाचित्रकाराच्या कामाचें नसतें. चित्राचा वरचा अर्धा भाग नुसता पडून राहतो. चारच्या सुमारास आग्नेयेकडून ढगांची एक रास वर आली. कडा रुपेरी, पोट जांभळें. खालीं उन्हांत उजळलेली पालवी. मीं कॅमेरा तिकाटण्यावर चढविला. बागेच्या बांधावर एक वयस्क गृहस्थ उभे होते. तेहि त्याच ढगाकडे पाहात होते.

"काय आबा, आभाळ सुरेख आलंय," मी म्हणालों.

"फोटू काढा सर, बक्कळ काढा," ते शांतपणें म्हणाले. "पर त्येला हिकडं बोलवू नका. घड फुलोऱ्यात हाय. आज पडला तर समदी कूज हुती बघा."

मग त्यांनीं बोट दाखविलें. रस्त्याच्या पलीकडे त्यांच्याच भावाची जिराईत ज्वारी होती. "त्यो मातर आडवा पदर पसरून बसलाय. त्येला पावूस पायजे."

स्वातीच्या पावसानें मोतीं पिकतात, अशी जुन्या लोकांची श्रद्धा. आणि ज्वारीच्या बाबतींत ती आजहि खरी आहे. पण द्राक्षाच्या बाबतींत तोच पाऊस एका रात्रींत वर्षाची कमाई नेतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत महाराष्ट्रांतल्या द्राक्षबागाईतदारांनीं तें अनुभवलें, आणि २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यास पुणें-सोलापूर भागांत झालेली अतिवृष्टि तर अजून ताजी आहे. एका बांधाच्या दोन बाजूंस दोन सख्खे भाऊ, डोक्यावर एकच ढग, आणि दोघांच्या प्रार्थना परस्परविरुद्ध! त्यांत मी तिसरा. मला पाऊस नको होता आणि उघाडीहि नको होती; मला फक्त शोभा हवी होती. तिघांत माझीच मागणी सर्वांत हलकी, कारण ती पुरी झाली न झाली तरी माझ्या घरचा दिवा तसाच लागणार होता.

मी चित्र घेतलें नाहीं असें नाहीं. तीन-चार घेतलीं. पण आबा बांधावरून हालले नाहींत, म्हणून मीहि थांबलों. निसर्गाकडे पाहण्याची आमची पुस्तकी रीत अशी कीं, दृश्य टिपून झालें कीं आपण पुढें निघतों. शेतकऱ्याला तसें निघतां येत नाहीं; त्याला ढगाचा शेवट पाहावा लागतो. तास-दीडतासानें ती रास नरसिंगपुराकडे सरकली, विरळ झाली आणि दिवेलागणीपर्यंत आभाळ पुन्हां स्वच्छ झालें. रस्त्यापलीकडचा भाऊ उठून घराकडे गेला. आबांनीं डोक्यावरची टोपी काढून पुन्हां घातली आणि म्हणाले, "चला सर, च्या घिऊ." त्या चहाच्या वेळीं दोघेहि भाऊ एकाच बाजेवर बसले होते, पावसाचा विषय कोणीं काढला नाहीं.

निघण्यापूर्वीं उरलेल्या उजेडांत मीं आणखी एक चित्र घेतलें. खालीं फुलोऱ्यांतली बाग, मांडवाचे निळसर डागाळलेले खांब, आणि वर काहींएक नसलेलें आकाश. अभ्यासाच्या खोलींत मीं तेंच लावलें आहे, ढगांचें नव्हे. येणारे जाणकार स्नेही सांगतात कीं, मांडणी बरी आहे, पण आभाळ फार रिकामें वाटतें. मी त्यांना बसवून घेतों, आणि त्या रिकामेपणाकडे त्या संध्याकाळीं एक माणूस दीड तास डोळे लावून कसा उभा होता, आणि तोच रिकामेपणा त्याच्या भावाला किती महाग पडला, तें सांगतों.