नावे आणि जमा

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले की ती बर्फावरचीच. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी ‘पक’ नावाची रबराची जाड चकती. एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. नियम मोडणाऱ्या खेळाडूला बहुधा दोन मिनिटे बाहेर बसावे लागते व तेवढा वेळ त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन लढावे लागते. एवढी माहिती असली तरी पुढचा मजकूर समजण्यास पुरेशी आहे.

या खेळाची वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी २६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. दहा देशांचे संघ तिच्यात उतरतात. १९७७ पासून ती अधिकृतपणे भरते आणि २०२३ पर्यंत कॅनडाने तिच्यात वीस सुवर्णपदके मिळवली आहेत. नाताळची सुटी, बाहेर गोठवणारी थंडी आणि सगळे कुटुंब घरात, अशा दिवसांत हे सामने येत असल्याने तेथे या स्पर्धेला सणाचे रूप आले आहे. ज्यांच्याकडे पाहायचे ती मुले सतरा, अठरा, फार तर एकोणीस वर्षांची असतात. आपल्याकडे या वयाची मुले महाविद्यालयात असतात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसायला नुकती शिकलेली असतात.

वीस सुवर्णपदकांचा एक परिणाम असा की, कॅनडाच्या चाहत्यांनी सुवर्ण हे येणे रकमेसारखे गृहीत धरले आहे. रौप्यपदक मिळाले तरी ते तोट्याच्या बाजूला लिहिले जाते. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे मला या मनोवृत्तीची ओळख आहे. ज्या घरात दरवर्षी नफा होतो, त्या घरात नफा कमी झाला तरी त्याला नुकसान म्हणण्याची सवय लागते. आणि नुकसान म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : हे कोणाच्या नावे टाकायचे?

२०२४ च्या डिसेंबरात ही स्पर्धा कॅनडाची राजधानी ओटावा येथे भरली. त्या हिवाळ्यात माझा मुक्काम तेथेच, मुलीच्या घरी होता. त्याआधीच्या वर्षी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे उपांत्यपूर्व फेरीत चेक संघाने कॅनडाला ३-२ असे हरवले होते. सामना संपण्यास अवघी ११.७ सेकंदे उरली असताना चेक खेळाडूने मारलेला पक कॅनडाच्याच बचावपटूला लागून जाळ्यात गेला होता. त्यामुळे आता घरच्या बर्फावर त्याची भरपाई होणार, अशी सर्वांची समजूत होती. जावईबापूंनी सामन्यांचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवले होते.

२७ डिसेंबरला कॅनडाची गाठ लॅटव्हियाशी पडली. वीस लाखांहून कमी लोकवस्तीचा हा देश या स्पर्धेत कॅनडाला पूर्वी कधीही हरवू शकला नव्हता. त्या रात्री लॅटव्हियाच्या गोलरक्षकाने तब्बल ५५ फटके अडवले. बरोबरी सुटेना म्हणून शूटआऊट झाले आणि लॅटव्हिया ३-२ असा जिंकला. मला खेळातले बारकावे कळत नाहीत, पण एकट्या मुलाने एवढा मारा झेलावा हे पाहून मी नकळत टाळ्या वाजवल्या. तेरा वर्षांच्या नातवाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शत्रुपक्षाला जाऊन मिळालो होतो.

पुढे २ जानेवारी २०२५ रोजी उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा चेक संघच समोर आला. ३-१ अशा पिछाडीवरून कॅनडाने ३-३ अशी बरोबरी साधली, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात कोणी बसून राहिले नव्हते. मग कॅनडाचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर गेला आणि शेवटचे मिनिट चालू असताना चेक संघाने चौथा गोल केला. सलग दुसऱ्या वर्षी, त्याच फेरीत, त्याच संघाकडून आणि अगदी अखेरच्या क्षणी पराभव!

दुसऱ्या दिवशी जेथे जाऊ तेथे हाच विषय होता. निवड समितीने चांगले खेळाडू का वगळले, प्रशिक्षकांनी डावपेच का बदलले नाहीत, शिक्षा ओढवून घेणारा खेळ का केला, असे प्रश्न वृत्तपत्रांत होते आणि वाण्याच्या दुकानातही होते. यात मला काही वावगे वाटले नाही. तिकिटासाठी पैसे मोजणाऱ्याला आणि त्याहून मोलाचे असे मन गुंतवणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. निवड आणि प्रशिक्षण ही प्रौढ माणसांची कामे आहेत. त्यांनी उत्तर देणे हा त्यांच्या कामाचाच भाग होय.

त्या सायंकाळी नातू मोबाईलवर काही लिहीत बसला होता. त्याच्या आईने ते सहज पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. शिक्षा होऊन बाहेर गेलेल्या त्या खेळाडूला उद्देशून चार शब्द होते. ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. मुलगी रागाने बोलणार, तेवढ्यात मी हाताने तिला थांबवले आणि नातवाला विचारले, “हा मुलगा किती वर्षांचा आहे रे?”

“एकोणीस.”

“आणि पुण्याचा आपला दादा?”

तो काही बोलला नाही. मामाचा मुलगा दादा त्याचा फार लाडका. त्याच महिन्यात दादाच्या परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नव्हता आणि तो कोणाचाही फोन घेत नव्हता, हे घरात सर्वांना ठाऊक होते. “आजोबा, पण दादाने देशाला हरवलं नाही ना!” असे तो थोड्या वेळाने म्हणाला. युक्तिवाद बिनतोड होता, मी वाद घातला नाही. रात्री तो मजकूर त्याने पुसला की पाठवला, हे मी विचारलेही नाही. मात्र त्याचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. एका मुलाच्या एका चुकीने देश हरतो, हे आपण मुलांना केव्हा आणि कसे शिकवतो?

त्यानंतरच्या दिवसांत जावईबापूंनी मला या स्पर्धेतील दोन जुन्या घटना सांगितल्या. २ जानेवारी २०१९ रोजी व्हँकुव्हर येथे कॅनडा आणि फिनलंड यांच्यातील उपांत्यपूर्व सामना जादा वेळेत गेला होता. कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. तो घेण्यास कर्णधार मॅक्सिम कॉम्टुआ पुढे आला आणि फिनलंडच्या गोलरक्षकाने तो अडवला. पुढे फिनलंडने गोल करून सामना २-१ असा जिंकला, एवढेच नव्हे तर त्या वर्षीचे सुवर्णपदकही नेले. त्या रात्रीपासून समाजमाध्यमांवर कॉम्टुआवर शिव्यांचा भडिमार झाला. तो क्युबेकचा फ्रेंच भाषक, म्हणून त्याच्या भाषेचाही उद्धार झाला. त्याचा विसावा वाढदिवस त्या वेळी सहा दिवसांवर होता. याच मुलाने स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात डेन्मार्कविरुद्ध चार गोल केले होते आणि कॅनडाने तो सामना १४-० असा जिंकला होता. खांदा दुखावलेला असतानाही तो खेळत होता, हे नंतर उघड झाले. चार गोल जमेच्या बाजूला कोणी लिहिले नाहीत. हुकलेला एक फटका मात्र ठळक अक्षरांत नावे पडला. त्याच्या पाठीशी उभे राहणारे चाहतेही पुष्कळ होते, हे सांगितले पाहिजे. पण दुखावलेल्या मनाला शंभर आशीर्वादांपेक्षा एक शिवी अधिक स्पष्ट ऐकू येते.

दुसरी घटना २००४ ची, हेलसिंकी येथील अंतिम सामन्याची. अमेरिकेविरुद्ध दोन भाग संपले तेव्हा कॅनडा ३-१ असा पुढे होता. तिसऱ्या भागात अमेरिकेने बरोबरी साधली. शेवटची पाच-एक मिनिटे उरली असताना कॅनडाचा गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी पक दूर मारण्यासाठी जाळे सोडून पुढे आला. त्याने मारलेला पक त्याच्याच सहकाऱ्याला लागून मागे वळला आणि मोकळ्या जाळ्यात शिरला. अमेरिकेने या स्पर्धेतील आपले पहिले सुवर्णपदक मिळवले. फ्लरी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ती चित्रफीत पुढे वर्षानुवर्षे दाखवली गेली.

तरीही त्याचे खाते तेथे बंद झाले नाही. २००९ मध्ये व्यावसायिक हॉकीच्या सर्वोच्च स्टॅनले करंडकाच्या सातव्या आणि निर्णायक लढतीत, अगदी शेवटच्या क्षणी, याच फ्लरीने अंगावर झेप घेऊन एक फटका अडवला आणि पिट्सबर्गने २-१ असा विजय मिळवला. तो करंडक त्याच्या संघाने पुढे २०१६ आणि २०१७ मध्येही जिंकला. २०२५ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५७५ विजय होते आणि सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या गोलरक्षकांत तो दुसऱ्या क्रमांकावर होता. अर्थात प्रत्येकाला अशी भरपाई लाभत नाही. पुढे मोठा झाला म्हणून त्याची चूक क्षम्य, असा हिशेब मांडला तर जे पुढे मोठे होत नाहीत त्यांचे काय? मोठे होण्याआधीच माफ करावे लागते, तरच त्याला काही अर्थ.

या निमित्ताने आमच्या शाखेतील एक जुना प्रसंग आठवतो. बावीस वर्षांचा एक कॅशियर नोकरीत नवा होता. सायंकाळी त्याची रोकड कमी भरली. हेड कॅशियर जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी आधी शटर ओढून घेतले, ग्राहक बाहेर गेल्याची खात्री केली आणि मग दोघांनी पुन्हा मोजणी केली. रक्कम खरोखर कमी होती. ती नियमाप्रमाणे नोंदली गेली आणि त्या मुलाकडून वसूलही झाली. हिशेबात सूट नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेड कॅशियरनी त्याला त्याच खिडकीवर बसवले आणि दिवसभरात त्या विषयाचा एक शब्दही काढला नाही. चूक खात्यात लिहावी, कपाळावर लिहू नये, एवढाच त्यांचा नियम होता. तो मुलगा पुढे अधिकारी होऊन निवृत्त झाला.

हरल्याचे दुःख करू नये, असे मी कोणत्याही चाहत्याला म्हणणार नाही. ज्याला हरल्याचे काहीच वाटत नाही, त्याचे जिंकल्याचे प्रेमही वरवरचे. संघ हरला तर संघ हरला असे म्हणावे, प्रशिक्षकांना जाब विचारावा, जिंकलेल्याला मोकळ्या मनाने दाद द्यावी. चेक मुलांनी त्या वर्षी चौदा फेऱ्या चाललेल्या शूटआऊटमध्ये स्वीडनला हरवून कांस्यपदक मिळवले. त्यांच्या देशात त्या रात्री किती घरे जागली असतील! आपल्या पराभवाच्या दुसऱ्या पानावर कोणाचा तरी विजय लिहिलेला असतो, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगायला नको. फक्त सगळी रक्कम एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावे टाकून पान उलटू नये.

आपल्या घरांतही वर्षातून एकदा-दोनदा निकालाचे दिवस येतात. दहावीचा, बारावीचा, सीएचा निकाल लागतो, किंवा मुलाने स्वतःच्या हिमतीवर केलेला पहिला सौदा तोट्यात जातो. त्या क्षणी घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडते, ते मूल पुढे चाळीस वर्षे विसरत नाही. ते वाक्य काय असावे, याचा विचार निकाल लागण्यापूर्वीच करून ठेवलेला बरा.