वाटणीपत्रात न मावलेले शेत

वकिलाच्या हातून झालेल्या चुका बहुधा न्यायालयाच्या दप्तरात निजून राहतात. माझी एक चूक मात्र आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलात उन्हात उघडी पडली आहे, आणि आजोळी गेलो की तिच्या कडेकडेनेच मला चालावे लागते.

पैनगंगेकाठच्या या पट्टीत मराठी अजून घराघरांत नांदते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आमचे गाव जिल्ह्यातच राहिले. 2014 साली तेलंगण झाले, 2016 साली या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. एवढ्या वाटण्या झाल्या, पण आजोबांचे बारा एकर त्यांच्या हयातीत एकसंध राहिले.

ते शेत मी लहानपणी पाहिले, पण समजून घेतले नाही. खाली ओढ्यालगत काळी कसदार जमीन, मध्ये मध्यम प्रतीची, वर मुरमाड टेपाड. कपाशीच्या ओळींत तुरीची एखादी ओळ, दुसऱ्या तुकड्यात ज्वारी, कडेला मूग. धुऱ्यावर बाभळी आणि निंब, विहिरीजवळ दोन आंबे, टेपाडाच्या टोकाला एक जुनाट मोह. गोठ्यात एक बैलजोडी, दोन गाई, एक म्हैस आणि दहा-बारा शेळ्या. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार गुरे खात. त्यांचे शेण उकिरड्यात कुजे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बंडीत भरून वावरात पडे. वैशाखात, गवताची काडी उरलेली नसताना, बाभळीच्या शेंगा शेळ्यांना तारून नेत. त्याच बाभळीच्या लाकडाचे नांगर आणि वखर होत. बाभूळ शेंगवर्गातली; तिच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे मला फार उशिरा कळले. आजोबांना ते शास्त्र ठाऊक नव्हते. बाभळीखालची माती ते उन्हाळ्यात पाटीने उचलून टेपाडावर टाकीत, एवढे मला आठवते. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की शेजारच्या गोंडगुड्यातल्या बाया पहाटेच वेचायला येत. ते झाड कोणाचे, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नव्हता.

गोव्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्या कुळागरात पोफळीखाली केळ असते, पोफळीवर मिरीची वेल चढते आणि झऱ्याचे पाणी सर्वांना पुरते. फरक इतकाच की कुळागराची गुंफण डोळ्यांना दिसते. आमच्या कोरडवाहू रानात ती बांधावर, गोठ्यात आणि उकिरड्यात विखुरलेली असते. म्हणूनच ती तोडताना आवाज होत नाही.

आजोबा गेले आणि 2007 साली तिघा मामांनी वाटणी करायचे ठरवले. मी तेव्हा नुकताच सनद घेतलेला, घरातला पहिला वकील. कोर्टकचेरी नको, भाच्याने कागद करावा, असे ठरले. आईला मुलगी म्हणून कायद्याने हिस्सा होता. तिने भावांसाठी हक्कसोड करून दिली. मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. जमीन सारख्या प्रतीची नव्हती, तेव्हा केवळ एकरांची समान वाटणी अन्यायाची ठरली असती. मी प्रत्येक गोष्टीची रुपयांत किंमत लावली. थोरल्या मामांना खालची काळी जमीन. मधले आदिलाबादेत नोकरीला, त्यांना मधला तुकडा आणि सबंध शेताच्या धुऱ्यांवरची झाडे. धाकट्यांना टेपाड, गोठा आणि सारी गुरे. बेरीज केली तेव्हा तिघांच्या रकमांत शंभर रुपयांचाही फरक नव्हता. तिघांनी हसत सह्या केल्या. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो.

कायद्याने मला हेच शिकवले होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्थावर मिळकतीतून उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत वगळलेले आहे. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या 1958 च्या खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी याचे मर्म फोडून दाखवले: जमिनीतून पोषण घेत वाढत राहायचे ते झाड स्थावर, आणि लवकरच तोडायचे म्हणून पाहिलेले झाड लाकूड. म्हणजे झाड तेच. पाहणाऱ्याचा हेतू बदलला की त्याची जात बदलते. गुरांकडे कायद्याचे लक्ष जाते ते बहुधा ती दुसऱ्याच्या पिकात शिरल्यावर. त्यासाठी 1871 चा कोंडवाड्याचा कायदा आहे. पीक, झाड आणि जनावर यांच्यासाठी तीन निरनिराळी दप्तरे. मी त्या तिन्ही दप्तरांना प्रामाणिक राहिलो आणि धुऱ्यावरच्या प्रत्येक बाभळीकडे लाकूड म्हणून पाहिले.

पुढचे सांगायला वेळ लागत नाही. मधल्या मामांनी रीतसर परवानगी काढून झाडे ठेकेदाराला विकली. मुलीचे लग्न होते, आणि झाडे त्यांचीच होती. मोहाला मात्र ठेकेदाराच्या माणसांनी हात लावला नाही. थोरल्यांनी ज्वारी सोडून सगळीकडे कपाशी लावली. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यापासून सारा मुलूखच त्या वाटेने निघाला होता. त्यांना दोष कसा द्यावा? पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. धाकट्या मामांच्या गोठ्यात गुरे होती आणि त्यांना घालायला टेपाडावरच्या काटक्या. तीन उन्हाळ्यांत त्यांनी एकेक करून सारी विकली. शेण संपले तेव्हा थोरल्यांच्या काळ्या जमिनीला युरियाच्या गोण्या लागू लागल्या, आणि ओढ्याकाठच्या बाभळींची मुळे गेल्यावर दर पावसाळ्यात तिचा थोडा थोडा काठ वाहून जाऊ लागला. प्रत्येकाने स्वतःच्या हिश्शाचाच उपभोग घेतला होता. कोणावर दावा लावता आला नसता. एका ओळीचीही कसूर नसलेल्या त्या कागदाने बारा एकरांचे शेत नाहीसे केले आणि चार-चार एकरांचे तीन तुकडे मागे ठेवले.

आता सरकारी भाषेत याला कृषिवानिकी म्हणतात. 2014 साली भारताने त्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा तो जगातला पहिला देश. शेतकऱ्याने लावलेले झाड तोडण्याचे आणि नेण्याचे नियम सोपे व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. ते योग्यच आहे, कारण तोडता येणार नसेल तर कोणी लावणार नाही. परंतु माझ्या अनुभवाने एक गोष्ट मला अधिक वाटते: लहान शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांत झाड, पीक आणि जनावर ही तिन्ही एकट्याने मावत नाहीत. ती शेजाऱ्याशी, बहुधा भावाशी, काही तडजोड करूनच नांदतात. त्या तडजोडीचा कागद आमच्याकडे तयार नसतो.

गेल्या वर्षी धाकट्या मामांच्या मुलाने धुऱ्यावर निंब आणि बाभळी लावल्या, चार शेळ्या आणल्या आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, आता जोडायचा कागद करून दे.” मी मसुदा केला आहे. कपाशी निघाल्यावर तिन्ही तुकड्यांत गुरे चरावीत. थोरल्यांनी एक एकर ज्वारी पेरावी आणि कडबा द्यावा. त्याबदल्यात त्यांना ठरावीक बंड्या खत मिळावे. ओढ्याकाठच्या झाडाला तिघांच्या संमतीवाचून कुऱ्हाड लागू नये.

सह्या अजून झालेल्या नाहीत. थोरल्या मामांनी मसुदा चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारले, “झाड त्याचं, पण सावली माझ्या वावरात पडते. सावलीत कपाशी येत नाही. तिचं काय लिहिलंस?”

प्रश्न रास्त आहे. दाट सावलीखालचे पीक उणे येते, हे आजोबाही जाणत. पण तोटाही त्यांचा आणि शेंगाही त्यांच्याच, म्हणून त्यांना हिशेब मांडावा लागला नाही. मी मसुदा परत आणला आहे. दर दोन वर्षांनी फांद्या छाटून पाला शेळ्यांना द्यावा, लाकूडफाटा थोरल्यांच्या चुलीला जावा, असे एक कलम घालून पाहतो आहे. या वेळी रुपयांचा रकाना मी ठेवलेला नाही.