आवाज कुणाचा?

गॅदरिंगला 'आवाज कुणाचा?' म्हणून घसा बसेस्तोवर ओरडणाऱ्या पब्लिकमध्ये अस्मादिक नेहमी पुढे. त्यात ब्रँच ई अँड टीसी. हॉस्टेलवर कुणाचा स्पीकर घरघरला, हेडफोनची एक बाजू गेली, की पेशंट आमच्याच रूमवर. थोडक्यात, आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीला, आमच्या घरातल्या १० बाय १२ च्या खोलीत, ही समजूत साफ मोडीत निघाली. त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की इंटर्नशिपच्या पैशातून मी एक सेकंडहँड होम थिएटर रिसीव्हर घेतला. सोबत पाच स्पीकर आणि एक सबवूफर. म्हणजे ज्याला ५.१ म्हणतात ते. पाच चॅनेल पूर्ण, आणि धडामधुडूमसाठी वेगळा तो 'पॉइंट वन'. डॉल्बी डिजिटलचा हा आवाज १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरात आला. आमच्या गल्लीत यायला त्याला बराच उशीर झाला, आणि आला तोही एसटीच्या डिकीतून, गोधडीत गुंडाळून!

आईचा पहिला प्रश्न, "हे एवढं सगळं ठेवायचं कुठं?" प्रश्न रास्त होता. हिशेब असा, की ऐकणारा मध्ये. पुढचे डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर. सेंटर टीव्हीखाली. आणि सराउंडचे दोन कानांच्या किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास. आमच्याकडे ११० अंशांवर एका बाजूला देवघर आणि दुसऱ्या बाजूला तांदळाचं पिंप. शेवटी एक सराउंड पिंपावर चढला, दुसरा देवघराच्या वर खिळ्याला टांगला. देवांनी हरकत घेतली नाही.

मग वायरिंग. लाल लालला, काळी काळीला. एक वायर जरी उलटी लागली तर एका स्पीकरचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि बेस गायब होतो. वायरींवरच्या खुणा पुसलेल्या होत्या, म्हणून दीड व्होल्टचा सेल टेकवून पडदा बाहेर येतो का ते बघून खुणा केल्या. सगळं जोडून पिक्चर लावला, तर पुढचे दोनच स्पीकर वाजतात! तासभर रिसीव्हरला शिव्या घातल्यावर कळलं, की टीव्हीचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर आहे. पाच वाटांचा आवाज टीव्ही दोन वाटांत कोंबून पाठवतोय. 'बिटस्ट्रीम' केलं आणि पाठीमागून धो धो पाऊस पडायला लागला. आई दचकून वाळत घातलेले कपडे काढायला धावली. एवढं सर्टिफिकेट मला पुरेसं होतं.

आता राहिलं खरं काम. रिसीव्हरला प्रत्येक स्पीकरचं ऐकणाऱ्यापासूनचं अंतर सांगावं लागतं. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. आमचे पुढचे स्पीकर ८ फुटांवर आणि मागचे ४ फुटांवर. मग रिसीव्हर मागच्यांना साडेतीन मिलिसेकंद थांबवून धरतो, म्हणजे सगळ्यांचे आवाज कानाशी एकदम पोचतात. त्यानंतर टेस्ट टोन. एकेका स्पीकरमधून आळीपाळीने 'खर्रर्र' असा आवाज येतो, आणि ऐकणाऱ्याला सगळे सारखे वाटेपर्यंत लेव्हल कमी-जास्त करायची. ऐकणाऱ्याच्या जागी मी पप्पांना बसवलं.

पप्पा यंत्रमागावर जॉबर. तीस वर्षं धोट्याच्या मागांमध्ये गेली. खुर्चीत ताठ बसून, पेपर द्यायला आल्यासारखे ऐकत होते.

"डावीकडचं बारीक वाजतंय रं."

मी डावा ३ डेसिबलने वाढवला. "अजून." ६ ने वाढवला. "अजून जरा." माझ्या फोनमधलं मीटर मात्र डावाच मोठा दाखवत होतं. म्हटलं, काहीतरी फॉल्ट आहे. लॅबमध्ये शिकवलंय तसं एकेक भाग बदलत जायचं. सगळ्या लेव्हल शून्यावर आणल्या. रिसीव्हर बंद करून डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. अँप्लिफायरचा दोष असता तर तक्रार उजवीकडे गेली असती. "डावंच बारीक हाय." मग वायरी पूर्ववत करून स्पीकरच्या पेट्याच बदलल्या. तरी डावंच. खोलीचा दोष असेल म्हणून शेवटी पप्पांना खुर्चीसकट भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"आता त्या पलीकडचं बारीक झालं की!"

म्हणजे त्यांचं पुन्हा डावंच. वायर नव्हे, अँप्लिफायर नव्हे, स्पीकर नव्हे, खोली नव्हे. फॉल्ट खुर्चीबरोबर फिरला होता. सर्किटमधला एकच भाग मी तपासला नव्हता.

मी रिमोट घेऊन तसाच उभा. पप्पांना काही विशेष वाटलं नाही. "त्यात काय, मागावरच्या सगळ्यांचंच असं असतंय." आई आतून म्हणाली, "किती वर्षं झाली, फोनपण उजव्याच कानाला लावतात. तुला आत्ता कळलं होय?"

मला आत्ता कळलं. हॉस्टेलवरून मी फोन करायचो तेव्हा पप्पा हमखास विचारायचे, "काय म्हणालास?" दोनदा सांगून झालं की मी वैतागून म्हणायचो, "तुमचं लक्षच नसतं. आईकडे द्या." हळूहळू त्यांनी स्वतःच बोलणं कमी केलं. 'हां, बरं, घे, आईशी बोल.' आमचं एवढंच संभाषण उरलं होतं, आणि पप्पा मितभाषी आहेत असं मी मित्रांना सांगायचो.

दिवाळीनंतर त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "बरं चाललंय की," असं म्हणत, पण आले. तपासणीनंतर जो ऑडिओग्राम हातात आला तो बघून चर्रर्र झालं. आपण फिल्टरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढतो ना, तसाच आलेख. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचं ऐकणं बहुधा तिथूनच जायला लागतं. स, श, फ ही अक्षरं वरच्या फ्रिक्वेन्सीतच ओळखू येतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. डाव्या कानाचा पडदा तर लहानपणी कान फुटल्यापासून सच्छिद्रच होता. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची कारखान्यांसाठीची मर्यादा. पप्पांच्या कारखान्यात मी नंतर फोनचं मीटर धरून उभा राहिलो, तर आकडा ९५ च्या खाली येईना. फोन काही अचूक नसतो, पण तिथं दोन मिनिटं उभं राहिल्यावर मीटरची गरजही वाटली नाही. त्या आवाजावर माझी फी भरली जाते.

डॉक्टर म्हणाले, पडद्याचं ऑपरेशन होऊ शकतं, पण मागाच्या आवाजाने आतल्या ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. त्यासाठी श्रवणयंत्र. आणि राहिलंय ते जपायला कामावर कानात प्लग घालायचे. पप्पा म्हणाले, "प्लग घातल्यावर माग कुठं अडकला ते कसं कळणार?" तिशी मुरलेल्या जॉबरला मागाचा बिघाड कानानेच कळतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता प्लग घालतात, कधी विसरतात.

घरी येऊन मी सगळं सेटिंग पुसलं आणि नव्याने केलं. पिक्चरमधले संवाद सेंटर स्पीकरमधून येतात, म्हणून सेंटर ४ डेसिबलने वाढवला. नाईट मोड चालू केला, त्याने धडामधुडूम दबतं आणि बारीक बोलणं वर येतं. सबवूफर बराच उतरवला. माझ्या मित्रांना हा आवाज 'फ्लॅट' वाटेल. वाटू दे. रात्री मराठी पिक्चर लावला. विनोदावर पप्पा आमच्याबरोबर हसले. आधी ते आम्ही हसल्यावर हसायचे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

तर मित्रांनो, रिसीव्हरचं मॅन्युअल वाचून स्पीकर नीट लावता येतात, पण सेटिंग करायचं असतं ऐकणाऱ्याच्या कानासाठी. आणि जवळच्या स्पीकरला जरा थांबावं लागतं, तेव्हाच सगळे एकदम पोचतात. मी फोनवर हल्ली सावकाश बोलतो. पप्पांनी "काय म्हणालास?" विचारलं, की पुन्हा सांगतो.

परवाचा कॉल अकरा मिनिटं चालला. आईशी नव्हे, पप्पांशी.