मागचे शॉक

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून दर शनिवारी पेडण्याहून मये गाठायचे असा आमचा नेम. चार-पाच खेपा झाल्यावर सौ. म्हणाली, "तुम्ही बुलेटवरून पुढे व्हा, मी बसने येते." म्हणजे आधी म्हापसा, तिथे बस बदलून डिचोली, मग पुढे मये, आईजवळ बसायला तिला तासभरच मिळणार. पण बुलेटवरून उतरली की तिला दहा मिनिटे कमरेवर हात ठेवून उभे राहावे लागे, हे मी पाहत होतो. चोर्ला घाट चढून बेळगाव काय, आंबोली काय, वीस वर्षे आम्ही जोडीने हिंडलो. त्यामुळे तिचे ते वाक्य मला लागले.

वाट तशी ओळखीचीच: धारगळ, कोलवाळचा पूल, अस्नोडा, मुळगाव. डिचोलीकडच्या रस्त्यांची खनिजाच्या ट्रकांनी काय दशा केली होती ते आमच्या पिढीला सांगायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आणि २०२४ साली डिचोलीचा खाणपट्टा पुन्हा सुरू झाला. रस्ता काही माझ्या हातात नव्हता, शॉक होते. एका दुकानातून महागडे, गॅसच्या डब्या लावलेले शॉक आणून बसवले. दिसायला झकास! अस्नोड्यापर्यंत सौ. गप्प होती. मग म्हणाली, "अहो, आधीचंच बरं होतं."

दुकानदार माल परत घेईना. (पावती मी फाईलला लावून ठेवली आहे, कारकुनी सवय.) शेवटी आमच्या गावच्या म्हाताऱ्या मेस्ताकडे गेलो. त्याने दोघांनाही गाडीवर बसवले आणि चाकाच्या आसापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. गाडी रिकामी असताना एकदा, आम्ही बसल्यावर एकदा. शॉकची जेवढी चाल, तिचा पाव ते तिसरा हिस्सा वजनाने दबायला हवा. आमची गाडी बोटभरसुद्धा दबली नाही. मेस्त हसला, "पात्रांव, हें स्प्रिंग पोत्यांक. वयनी म्हळ्यार पोतें न्हय मरे!"

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला, माझी समजूत अशी की खालच्या खाचा फिरवल्या की स्प्रिंग मऊ वा कडक होते. तसे नसते. खाचांनी फक्त बसण्याची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. धक्का गिळते स्प्रिंग, पण तो जिरवायचे काम आतल्या तेलाचे. दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते दाबाने जाते, तापते, आणि गाडी उसळत राहत नाही. तेलाला फेस आला की शॉक ढिला पडतो, म्हणून आत नायट्रोजन भरतात. मी आणलेले शॉक मूळच्यापेक्षा थोडे लांबही होते. त्याने मागची बाजू उचलली गेली आणि गाडी बाजूच्या स्टँडवर जास्तच कलू लागली होती. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मेस्ताने मूळ लांबीचे, मऊ स्प्रिंगचे साधे शॉक बसवले. सीट जोराने दाबून सोडली. ती एकदाच वर आली आणि थांबली. "आतां व्हर," म्हणाला.

परवा मुळगावला थांबून फुले घेतली. मयेला पोचल्यावर सासूबाईंनी पडल्या पडल्याच विचारले, "बसीन आयल्यात?"

सौ. पदर खोचून सरळ आत गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "ना गो आई, बुलेटीर."